पहारीची पलटण

(द्वितीय वर्ष, कला)

वसईचा किल्ला मराठ्यांनी कसा घेतला, हा प्रश्न आपल्या तालुक्यात कुणालाही विचारावा. उत्तर ठरलेले आहे : चिमाजीअप्पांनी तलवारीच्या जोरावर घेतला. शाळेच्या पुस्तकात तेच, स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात तेच, आणि किल्ल्यातल्या अप्पांच्या पुतळ्यासमोर छातीवर हाताची घडी घालून फोटो काढणाऱ्यांच्या तोंडीही तेच. अप्पांचे मोठेपण मी नाकारीत नाही. नाकारणारी मी कोण? पण हे उत्तर अर्धे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याशी आपल्यातल्या पुष्कळांचे जवळचे नाते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोहीम सुरू झाली १७३७ साली. त्याच वर्षी ठाणे पडले, अर्नाळा हाती आला. वसई मात्र दोन वर्षे हटली नाही. तिच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. जमिनीवरून जायचे तर उत्तरेची एकच बाजू, आणि तिथेच पोर्तुगिजांचे भक्कम बुरूज. फेब्रुवारी १७३९ पासून वेढा आवळला गेला तरी नुसत्या हल्ल्यांनी काम होईना. तटावर शिड्या लावून चढणाऱ्यांची प्रेते खंदकात पडत होती. आतले लोकही जिवावर उदार होऊन लढत होते, हे आपण वसईकरांनी तरी मोकळ्या मनाने मान्य करावे. शेवटी तट पडला तो सुरुंगांनी. मोर्चे खणत खणत पुढे सरकायचे, भिंतीच्या पायापर्यंत बोगदा न्यायचा, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. सेबास्तियन बुरुजाखाली हेच झाले. मे महिन्यात तिथले सुरुंग उडाले, खिंडार पडले, मराठे आत घुसले. आणि तेवढ्यात मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला. त्याखाली आपलीच माणसे गेली.

हा शेवटचा तपशील पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो. मला तो वाचून झोप लागली नाही, कारण सुरुंग हा शब्द मी पुस्तकात वाचण्याच्या आधी घरात ऐकलेला आहे. माझे आजोबा विरार पूर्वेच्या डोंगरकडेला दगडाच्या खाणीत बार लावीत आणि आजी खाली खडी फोडी. आजोबा सांगत, उडालेल्या बाराची भीती नसते, न उडालेल्याची असते. लावलेले बार बोटांवर मोजायचे, उडालेले कानांनी मोजायचे. एक जरी कमी भरला तरी मुकादम कितीही ओरडला तरी जागचे हलायचे नाही. वसईच्या तटाखाली बसलेल्या माणसालाही हे ठाऊक असणारच. त्याने कानांनी मोजले असेल, आणि एक कमी भरला हे त्याला कळलेही असेल. पण वर खिंडार दिसताच ‘हर हर महादेव’ म्हणून धावत सुटलेल्या हजारोंच्या गर्दीत पहारवाल्याचे कोण ऐकतो? अर्थात हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. परंतु आजोबांच्या शेजारी बसून वाढलेल्या मुलीला दुसरा तर्क सुचत नाही.

लढाई म्हणजे फक्त लढवय्ये, ही समजूत आपल्या मनात फार खोल गेली आहे. वसईच्या मोहिमेत अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसे नसती, बातमी, वाटा आणि माणसे त्यांनी पुरवली नसती, तर पुण्याची फौज या खाड्यांच्या जाळ्यात चाचपडत राहिली असती. त्या फौजेला धान्य कुणी आणले, मचवे कुणी वल्हवले, तोफा चिखलातून कुणी ओढल्या? तलवार उपसायला एक क्षण लागतो. तो क्षण यावा म्हणून तीन महिने कुणीतरी माती उपसलेली असते.

आजच्या सैन्यातही पाहा. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण १७६८ साली उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे, त्यांचीही मुळे अठराव्या शतकात जातात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? सॅपर म्हणजे खणणारा, पूल बांधणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा. इंजिनिअर दलाचे ब्रीद आहे ‘सर्वत्र’. याच बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, तेव्हा वाटेत सुरुंग पेरलेले होते आणि झाडे आडवी पाडलेली होती. राणे मांडीला जखम झालेली असतानाही मागे गेले नाहीत. गोळीबार चालू असताना ते रणगाड्याच्या पोटाखालून, त्याच्या चाकांच्या वेगाने सरपटत पुढे गेले. ८ तारखेपासून ११ तारखेपर्यंत त्यांनी वाट मोकळी केली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेला पहिला माणूस तो. म्हणजे या देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान हयातीत पहिल्यांदा स्वीकारला तो रस्ता साफ करणाऱ्याने! ही गोष्ट आमच्या वर्गात मी सांगितली तेव्हा दोघांनी ती खोटी ठरवली. मोबाईलवर शोधल्यावर गप्प बसले.

सैन्याच्या मागे कोण उभा आहे, याला किती महत्त्व असते याचा दुसरा धडाही वसईतच घडला आहे आणि तो कडू आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथे. निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्याने ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. त्या कागदावर एकही गोळी सुटली नाही. फौजेचा पगार आणि दाणागोटा ज्याच्या हाती, फौज त्याची, इतका साधा हिशेब होता. ज्या गावाने सुरुंगाचा विजय पाहिला, त्याच गावाने हिशेबाच्या वहीचा पराभवही पाहिला. परीक्षेत मात्र आपल्याला ‘वसईच्या तहाची कलमे लिहा’ एवढेच विचारतात, पाच गुणांना.

आता थोडे घरचे. माझा एक चुलतभाऊ अग्निवीर योजनेत ट्रेड्समन म्हणून भरती झाला. दोन वर्षे पहाटे चारला उठून धावत होता. निकाल लागला त्या दिवशी काकूने चाळीत पेढे वाटले, पण ‘मिलिटरीत लागला’ एवढेच सांगितले. काय म्हणून लागला, हे कुणी विचारले की ती विषय बदलत असे. तो स्वयंपाकी म्हणून लागला आहे. आमच्याच कॉलेजच्या कट्ट्यावर एकाने ते ऐकले आणि म्हणाला, ‘म्हणजे बॉर्डरवर पोळ्या लाटायला!’ सगळे हसले. हसणाऱ्यांत गणवेश अंगावर असलेले एन.सी.सी.चे दोघे होते, याचे मला अधिक वाईट वाटले. ट्रेड्समनलाही बंदूक शिकावी लागते, कवायत करावी लागते, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. आणि समजा, नसती शिकावी लागत, तरी काय? बर्फात उभ्या असलेल्या जवानाच्या पोटात गरम अन्न जाते, ते कुठल्या घोषणेतून शिजत नाही.

हे हसणे फक्त सैन्यापुरते नाही, म्हणून मी ते मनावर घेते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवीधर होणारे आपण पहिलेच. आपले आईबाप पहार, तवा, वल्हे, झाडू, स्टिअरिंग यांपैकी काही ना काही हातात धरूनच आपली फी भरतात. आपण इतिहास शिकतो आणि त्यात त्यांच्या हातातली एकही वस्तू नसते. मग आपल्यालाच वाटू लागते की ती वस्तू लपवण्यासारखी आहे.

जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला नौदलात ‘अर्नाळा’ नावाची युद्धनौका दाखल झाली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुडी शोधणारी, अशा सोळा नौकांतली ती पहिली. आपल्या बेटाचे नाव तिच्यावर आहे, याचा सगळ्या विरारला आनंद झाला, मलाही झाला. अर्नाळ्याच्या बाबतीत आणखी एक चांगली गोष्ट आहे. पेशव्यांच्या हुकमाने तो किल्ला बांधला गेल्याचे दरवाजावरच्या शिलालेखात कोरलेले आहे, आणि बांधणारा म्हणून बाजी तुळाजीचे नावही आपल्यापर्यंत आलेले आहे. बांधणाऱ्याचे नाव राहिले. वसईचा तट पाडणाऱ्या हातांचे मात्र नाव कुणी घेत नाही.

हे सर्व मी एका सरांजवळ बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘भावना ठीक आहे गं, पण इतिहास कागदावर चालतो. नावे कुठे आहेत?’ सरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर रागावण्याचे कारण नाही. पण कागदच हवे असतील तर कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद छापून काढले, त्यांचे ४५ खंड झाले. वसईच्या मोहिमेची पत्रे त्यांत आहेत. बेलदार, पाथरवट, सुरुंगवाले, तांडेल यांच्याबद्दल त्यात काय सापडते, हे शोधायला फौज लागणार नाही. खंड मिळवायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाने उलटायची, आणि जिथे कुणा कामकऱ्याचा उल्लेख येईल तिथे तो तारखेसह वहीत उतरवायचा. नावे मिळाली तर पुढच्या अंकात छापावीत. न मिळाली, नुसते ‘बेलदार असामी इतके’ असे आकडे मिळाले, तरी तेही छापावेत.

इतिहास विभागाने या कामाला दोन विद्यार्थी द्यावेत अशी माझी विनंती आहे. त्यातली एक मी. दुसऱ्याने संपादक मंडळाकडे नाव नोंदवावे. मोडी येत नसली तरी चालेल, खंड छापील आहेत.