'डेट'मधला मुका 'बी'

कर्ज या अर्थाच्या इंग्रजी 'डेट' शब्दात एक 'बी' आहे आणि तो कोणीच उच्चारत नाही. वर्गात सांगतात की हा 'बी' सायलेंट आहे, पाठ करा. तो तिथे आला कसा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितांनी मूळ शब्द 'देबितुम' आहे हे दाखवण्यासाठी तो मध्ये बसवला. शंका या अर्थाच्या 'डाउट'मधला 'बी' आणि पावतीच्या 'रिसीट'मधला 'पी' यांची कथाही हीच. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. तो जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा शब्द, पण फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी त्याचे नाते असावे असे वाटले आणि लॅटिन 'इन्सुला'चा 'एस' त्याच्याही गळ्यात पडला. ही अक्षरे विसरणाऱ्या मुलाला आपण मठ्ठ ठरवतो. स्पेलिंगवरून अक्कल मोजण्याची ही सवय मला अन्यायाची वाटते. ती मोडायची असेल तर स्पेलिंग हा घोकंपट्टीचा विषय न राहता शब्दांच्या कुळाचा विषय व्हायला हवा.

देवनागरी वाचायला शिकलेले मूल इंग्रजीतला 'नेम' हा शब्द पहिल्यांदा पाहते तेव्हा अक्षरांप्रमाणे 'नामे' असे वाचते आणि वर्ग हसतो. पण १४०० साली वारलेला कवी चॉसर हा शब्द जवळपास असाच उच्चारत असणार. त्याच्यानंतरच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडत गेले, शेवटचा 'ई' मुका झाला, 'नाइट'च्या आरंभीचा 'के' आणि मधला 'जीएच' यांचे आवाज विरून गेले. आणि नेमक्या याच काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. कॅक्स्टनचे आयुष्य बरेचसे फ्लँडर्समध्ये गेले होते. भूत या अर्थाच्या 'गोस्ट'मध्ये 'जी'मागे 'एच' येतो तो बहुधा तिकडच्या लेखनाच्या वळणामुळे. छपाईने स्पेलिंग हळूहळू स्थिर केले, उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणून आज इंग्रजी वाचणारा माणूस एका काळाची अक्षरे पाहतो आणि दुसऱ्या काळाचा आवाज काढतो. अशा भाषेत मुलाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

हमखास चुकणाऱ्या जोड्या पाहिल्या तर हे आणखी स्पष्ट होते. कागद-पेन्सिलींची 'स्टेशनरी' आणि जागीच थांबलेले या अर्थाची 'स्टेशनरी' यांत फरक एका अक्षराचा: पहिलीत शेवटून तिसरे अक्षर 'ई', दुसरीत 'ए'. मूळ मात्र एकच आहे. मध्ययुगात फिरते विक्रेते गावोगाव हिंडत, आणि पुस्तके विकणारे मात्र विद्यापीठांजवळ एका जागी दुकान मांडून बसत. म्हणून त्यांना एका जागी स्थिर असलेले, म्हणजे 'स्टेशनर' म्हणू लागले. तत्त्व या अर्थाचा आणि प्राचार्य या अर्थाचा 'प्रिन्सिपल' हे दोन्ही लॅटिन 'प्रिन्सेप्स'चे वंशज. परिणाम करणे हा 'अफेक्ट' आणि परिणाम हा 'इफेक्ट', दोघांच्या मुळाशी 'करणे' या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद. या जुळ्या भावंडांत ज्याची गल्लत होते त्याच्या कानाला त्यांचे रक्ताचे नाते ऐकू येते, असेच म्हणायला हवे. त्याला नाते सांगितले की फरकही लक्षात राहतो.

ॲपॉस्ट्रॉफीच्या 'इट्स'चेही तेच. 'रामचे' लिहिताना 'एस'च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी येते, तर 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये ती का नको, हा प्रश्न अत्यंत तर्कशुद्ध आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत खुद्द इंग्रज लेखकही ती तिथे देत असत. आज देत नाहीत, कारण 'हिज', 'हर्स', 'अवर्स' या भाऊबंदांप्रमाणे तेही सर्वनाम धरले गेले आणि ॲपॉस्ट्रॉफी 'इट इज' किंवा 'इट हॅज'च्या संक्षेपासाठी राखली गेली. ही चार वाक्ये फळ्यावर आली तर लाल शाईची बरीच वर्तुळे वाचतील.

काही चुकांचे कारण मात्र खास आपले आहे, आणि परदेशी व्याकरणाच्या पुस्तकात ते सापडणार नाही. मराठीत आपण 'नट लूज झालाय', 'पँट लूज होतेय' असे सर्रास म्हणतो. इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', शेवटी 'स'चा आवाज आणि मध्ये दोन 'ओ'. हरवणे किंवा हरणे या अर्थाचे क्रियापद 'लूज', त्यात 'ओ' एकच. मराठीने पहिल्या शब्दाला दुसऱ्याचा उच्चार दिला, त्यामुळे आपल्या मुलाच्या कानात दोन शब्द उरलेच नाहीत. मग 'सामना हरलो' लिहिताना दुसरा 'ओ' घुसतो. 'ॲडव्हाइस' हे नाम 'सी'ने आणि 'ॲडव्हाइज' हे क्रियापद 'एस'ने लिहायचे, तिथेही आपण दोन्हीकडे एकच आवाज काढतो. इथे स्पेलिंग घोकून उपयोग थोडा, आधी उच्चार सुटा करून द्यावा लागतो. 'प्रॅक्टिस'च्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही. ब्रिटिश लेखनात नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने, पण उच्चार एकच, आणि अमेरिकेत दोन्ही 'सी'ने. ब्रिटिश पुस्तकातून शिकून अमेरिकी सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मुलाला कोणते बरोबर, हे सांगण्यापूर्वी कोणाच्या देशात बरोबर, हे सांगायला हवे.

यावर कोणी म्हणेल की अक्षरे इतकी योगायोगाची असतील तर अचूकतेचा आग्रह तरी कशाला? आग्रह हवा, पण तो वाचणाऱ्यासाठी. वाचणारा अक्षरन् अक्षर जुळवत बसत नाही, शब्दाचा चेहरा ओळखून पुढे जातो. चेहरा बदलला की तो अडखळतो. नोकरीच्या अर्जात ही अडखळण अर्जदाराला महागात पडते, हेही खरे. संगणक चुका दुरुस्त करतो, हा दुसरा आक्षेप. साधा स्पेलचेकर शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहतो, आणि या जोड्यांतले दोन्ही शब्द कोशात असतात. नवी साधने संदर्भ पाहून सुचवतात, पण सुचवलेल्यातले कोणते घ्यायचे हे ठरवायला अर्थ ठाऊक असावाच लागतो.

मग स्पेलिंगच का सुधारत नाहीत? मराठीत 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार व्युत्पत्तीचा मान म्हणून टिकले होते. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते काढले आणि आज कोणाचे काही अडत नाही. इंग्रजीत असा निर्णय घेणारी संस्थाच नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ साली तशी मागणी केली होती, ती विरून गेली. कोशकार नोआ वेब्स्टरने अमेरिकेत 'कलर'मधला 'यू' काढून दाखवला, पण 'टंग' उच्चाराप्रमाणे लिहिण्याची त्याची सूचना रुजली नाही. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईसाठी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे लागू केली आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाच्या विरोधापुढे आदेश मागे घेतला. शिवाय सगळीच मुकी अक्षरे निरुपयोगी नाहीत. 'साइन'मधला 'जी' तिथे ऐकू येत नाही, पण 'सिग्नेचर'मध्ये खणखणीत वाजतो. तो काढला तर सहीचे सही करण्याशी असलेले नाते कागदावरून पुसले जाईल.

उरला वेळेचा प्रश्न. चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाने अभ्यासक्रम पुरा करायचा की लॅटिन सांगत बसायचे? अडचण खरी आहे, आणि प्रत्येक शब्दाचा इतिहास सांगा असे कोणी म्हणत नाही. जिथे मूल हमखास अडते तिथेच, आणि त्याला ठाऊक असलेल्या शब्दाचे बोट धरून सांगावे. 'डेट'साठी तर लॅटिनचे नावही काढावे लागत नाही. फळ्यावर त्याच्या शेजारी 'डेबिट' लिहावे. खात्यातून पैसे गेले की बँकेच्या मेसेजमध्ये येणारा हा शब्द घरोघरी माहीत आहे, आणि त्यातला 'बी' सगळे उच्चारतात.