विचारणे, पुसणे, मागणे : इंग्रजीत कोणता शब्द कुठे?

मराठीत विचारणे वेगळे आणि मागणे वेगळे. इंग्रजी मात्र दोन्ही कामे 'आस्क' या एकाच शब्दाकडून करून घेते. 'आस्क द प्राइस' म्हणजे किंमत विचारा, 'आस्क फॉर द मनी' म्हणजे पैसे मागा. मध्ये 'फॉर' आला की विचारण्याचे मागणे होते. मराठी माध्यमाच्या मुलांना हे विचित्र वाटते, पण उर्दू जाणणाऱ्या घरात तसे वाटायचे कारण नाही. आपला 'सवाल' नेमका असाच आहे. सवाल म्हणजे प्रश्न आणि सवाल म्हणजे याचनाही. सूरह दुहामध्ये साइलला झिडकारू नये अशी ताकीद आहे, आणि दारात हात पसरणारा व दीनची गोष्ट विचारायला आलेला असे दोघेही मुफस्सिरांनी त्यात धरले आहेत. (एकच गोष्ट पाचव्यांदा विचारणारे आपले पोरही त्यात बसते, हे अम्मी-अब्बांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.)

आता वहीत सर्वांत जास्त दिसणारी चूक. 'सरांना विचार' याचे मुले 'आस्क टू सर' करतात. 'सरांना' मधला 'ना' त्यांना सोडवत नाही, म्हणून ती 'टू' घालतात. 'आस्क' ला 'टू' लागत नाही. सरळ 'आस्क सर'. 'टू' लागतो तो 'से' ला. दुसरी चूक प्रश्न सांगताना होते. 'त्याने मला विचारले की मी कुठे राहतो' याचे इंग्रजी करताना मुले प्रश्नाचीच रचना ठेवतात : 'ही आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह'. पण विचारून झालेला प्रश्न इंग्रजीत साध्या वाक्यासारखा लिहितात : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर मध्ये 'इफ' किंवा 'व्हेदर' येतो. आपल्या 'की' साठी 'दॅट' तिथे चालत नाही. आणि 'सर, आय वॉन्ट टू आस्क अ डाऊट' हे 'शंका विचारणे' चे शब्दशः भाषांतर आहे. आपल्या वर्गात ते सगळ्यांना समजते, पण 'डाऊट' म्हणजे मनातला संशय. विचारायचा असतो तो 'क्वेश्चन'.

'इन्क्वायर' हा 'आस्क' चा शहरात शिकून आलेला भाऊ. तो माणसाला चिकटत नाही, गोष्टीला चिकटतो : 'इन्क्वायर अबाउट द बस'. त्याच्यामागे कोणते अक्षर येते त्यावर अर्थ पालटतो. 'इन्क्वायर आफ्टर' म्हणजे विचारपूस : आजारी माणूस कसा आहे, घरचे खुशाल आहेत का. 'इन्क्वायर इन्टू' म्हणजे तपास. विचारपूस हा शब्दही बघा कसा जोडलेला आहे. 'विचारणे' आले विचार करण्यावरून, आणि 'पुसणे' हा आपल्या 'पूछना' चा सख्खा भाऊ. मराठीत मात्र फळा पुसणे आणि वाट पुसणे यांचा उच्चार एक झाला. उर्दूने 'पोंछना' आणि 'पूछना' वेगळे ठेवले, म्हणून दखनी बोलणाऱ्या घरातले लहान मूल शाळेत पहिल्यांदा 'पुसणे' ऐकते तेव्हा जरा गोंधळते.

खरी अडचण आहे ती 'चौकशी' या शब्दाची. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी कधी सुटते ते विचारायची खिडकी म्हणजे चौकशी, आणि पेपरात कुणाला ताब्यात घेतल्याची बातमी येते तिथेही चौकशीच. इंग्रजांच्या लिहिण्यात हा फरक पहिल्याच अक्षरावर कळतो. साध्या विचारण्याला बहुतेक 'ई' ने सुरू होणारी 'एन्क्वायरी' आणि रीतसर तपासाला 'आय' ने सुरू होणारी 'इन्क्वायरी'. अमेरिकेत दोन्हींना 'आय' च चालतो, म्हणून नुसत्या स्पेलिंगवर भरवसा ठेवू नये.

त्याहून जड शब्द म्हणजे 'इंटरोगेट'. संशयिताला समोर बसवून प्रश्नांवर प्रश्न करणे, ते हे. 'द टीचर इंटरोगेटेड मी' असे लिहिणारा मुलगा बिचाऱ्या मास्तरांना फौजदार करून टाकतो. 'क्वेश्चन' हे क्रियापद म्हणून आले तर त्यातही थोडा संशय असतो.

घरी इंग्रजीत कागद येतो, त्यात पोलिसांचा शिक्का दिसतो, आणि कुणालाच नीट वाचता येत नाही म्हणून त्या दिवशी चूल पेटत नाही. अशा कागदात 'एक्झामिन' हा शब्द असेल तर तो परीक्षेचा नाही आणि दवाखान्यातल्या तपासणीचाही नाही. साक्षीदाराकडून तोंडी माहिती विचारून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम 179 माहीतगार माणसाला बोलावण्याबद्दल आहे आणि 180 त्याला विचारण्याबद्दल. कलम 179 प्रमाणे स्त्रिया, 15 वर्षांखालचे मुलगे, 60 वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कुणी स्वतःहून ठाण्यात यायला तयार असेल तर ती वेगळी गोष्ट. घाबरण्याआधी कागदावरचे क्रियापद आणि कलमाचा आकडा, या दोन गोष्टी बघाव्यात आणि मग वकिलाकडे जावे.

आता अर्जाकडे येऊ. 'आय डिमांड माय स्कॉलरशिप' असे एखादा तरुण तावातावाने लिहितो. फ्रेंचमध्ये याच शब्दाचा अर्थ साधे विचारणे, मागणे एवढाच आहे, पण इंग्रजीत येता येता त्याचा आवाज चढला. उलट टोकाला जुन्या अर्जनविसांचे 'आय बेग टू स्टेट'. 'बेग' म्हणजे भीक मागणे. कचेरीत अजून ते खपते, पण आमच्या मते मुलांना शिकवू नये. या दोहोंमध्ये 'रिक्वेस्ट' आहे, आणि त्याला कुणी लेचापेचा समजू नये. माहितीचा अधिकार कायदा 2005 हा हक्काचा कायदा, तरी त्याच्या कलम 6 मध्ये अर्जाला शब्द वापरला आहे तो 'रिक्वेस्ट' च. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की माहिती का हवी याचे कारण अर्जदाराला द्यावे लागणार नाही. उत्तराला साधारण 30 दिवसांची मुदत आहे. म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जाचे काय झाले हे विचारायचे तर 'आय रिक्वेस्ट द फॉलोइंग इन्फर्मेशन' एवढे पुरे. खिडकीपलीकडच्या साहेबांनी 'कशाला पाहिजे?' म्हटले तरी सांगायचे बंधन नाही.

खालची वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्या. प्रत्येकात वेगळा शब्द यायला हवा.

दादींनी फोनवर मामूंच्या तब्येतीची विचारपूस केली. आपाने दुकानदाराला किंमत विचारली. भाईने कॉलेजला फीची पावती देण्याची विनंती केली. समितीने शाळेच्या छताच्या कामाची चौकशी केली.

उत्तरे पुढच्या अंकात, आणि तिथेच 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' या चौघांची गाठ घालून देऊ.