महाडच्या खुर्चीवर कोण बसणार?

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई

महोदय,


12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात एक दिवाणी दावा दाखल झाला. वादी गावातली सवर्ण मंडळी आणि प्रतिवादींत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. मागणी अशी की, चवदार तळं ही स्पृश्यांच्या वहिवाटीची जागा आहे, अस्पृश्यांना तिथं पाणी भरायला कायमची मनाई करावी. दोनच दिवसांत, 14 डिसेंबरला, कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. 25 डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसं महाडात जमली होती, तरी बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवला. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. हुकूम उठला 23 फेब्रुवारी 1928 ला, त्याच कोर्टाकडून. आणि 8 जून 1931 रोजी महाडच्या न्यायाधीशांनी दावाच फेटाळला.

पुढं वादी ठाण्याला अपिलात गेले, हरले. मग आपल्या उच्च न्यायालयात दुसरं अपील केलं. न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी 17 मार्च 1937 रोजी तेही फेटाळलं. अनादी काळापासून चालत आलेली रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असं त्यांनी म्हटलं. तळ्यावरच्या पहिल्या सत्याग्रहाच्या, 20 मार्च 1927 च्या, त्या दिवसाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

दरवर्षी 20 मार्चला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. सत्याग्रहावर भाषणं होतात, आणि व्हायलाच हवीत. या दाव्याबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतं. मी याच गावच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून मला तो सारखा आठवतो. उच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या पुस्तकात छापला गेला. पण साक्षी झाल्या त्या महाडात आणि कागद दाखल झाले तेही महाडात. वादी गावातले वजनदार लोक होते आणि न्यायाधीश त्यांच्याच गावात राहत होते. वादींना पहिला ‘नाही’ त्या खुर्चीतून आला. तो उलटा आला असता तर पुढची दहा वर्षं कशी गेली असती, याचा विचार प्रत्येकानं आपापला करावा.

आज त्या खुर्चीचं नाव आहे ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’. ‘कनिष्ठ’ हा शब्द फसवा आहे. 24 ऑगस्ट 2021 च्या रात्री एका केंद्रीय मंत्र्यांना अटक करून महाडला आणलं आणि त्यांच्या जामिनाचा निर्णय याच पायरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिला. वाहिन्यांच्या गाड्या निघून गेल्या आणि कोर्टात पुन्हा नेहमीची प्रकरणं सुरू झाली. मुंबईकर भावानं गावच्या भावावर घातलेला वाटपाचा दावा, बांध कोरल्याची तक्रार, न वटलेला चेक, पोटगी, वारस दाखला, हायवेला गेलेल्या जमिनीच्या पैशांवरून नात्यात लागलेले कज्जे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाकडच्या वाडीवरच्या माणसाला सर्वोच्च न्यायालय म्हणजे टीव्हीवर दिसणारी एक इमारत. त्याच्या दृष्टीनं न्यायसंस्था म्हणजे हीच एक खोली. पट्टेवाला पुकारा करतो, हा धावत आत जातो, पुढची तारीख घेऊन बाहेर येतो.

अमेरिकेत संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमायचा तर राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची समिती त्या माणसाला सगळ्यांसमोर बसवून प्रश्न विचारते, मतदान होतं आणि नेमणूक तहहयात असते. ती पद्धत आपण उचलावी असं मी म्हणत नाही. तिथं पक्षाचा रंग आधी बघतात, आणि आपल्याकडं तो बघायला सुरुवात झाली तर थांबणार कुठं? आपल्या घटनाकारांनी 234 व्या कलमात चांगली वाट आखली आहे. नेमणूक राज्यपाल करतात, पण लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, मग उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण आणि मग कुठल्या तरी तालुक्याची खुर्ची. तिथून वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश आणि एखाद्याचं नशीब आणि काम दोन्ही जोरावर असतील तर उच्च न्यायालय. न्यायमूर्ती रानडेही आपल्या न्यायालयात 1893 साली आले ते पुणे, नाशिक, धुळे इथल्या कनिष्ठ कोर्टांतली वर्षं गाठीला बांधूनच.  

आता मूळ मुद्दा. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. 2002 मध्ये ती काढून टाकली होती. महाराष्ट्रात तीन वर्षं वकिली केलेल्यांबरोबरच चांगले गुण मिळवलेल्या ताज्या पदवीधरांनाही दार उघडं होतं. ते दार पुढच्या भरतीपासून बंद.

अट योग्य आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. उलटतपास कशाला म्हणतात हे पुस्तकातून कळत नाही. आमच्याकडं साक्षीला उभी राहिलेली बाई वरकस, राब, दळी असे इथल्या शेतीतले शब्द बोलते. तिच्या तोंडातून येणाऱ्या ‘होय’ मधलं किती खरं आणि किती समोरच्या काळ्या कोटाची भीती, हे ओळखायला कोर्टात उभं राहावं लागतं. चोविसाव्या वर्षी क्लासच्या नोट्स पाठ करून आलेल्या हुशार मुलाला ते ओळखता येणार नाही. त्यात त्याचा दोष नाही, पण शिक्षा पक्षकाराला होते.

पण ही तीन वर्षं कोणाला परवडतात? तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअरला पगार नसतो. सिनिअरचीच फी तारखेगणिक शे-पाचशेत मिळते, तो ज्युनिअरला काय देणार? पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी एल.एल.बी. होऊन महाडात आली तर खोलीचं भाडं, एस.टी., कोट-गाऊन, पुस्तकं, सगळं घरून. काम काय? डायरीत तारखा टिपायच्या, नकलांचे अर्ज द्यायचे, सिनिअर माणगावला अतिरिक्त जिल्हा न्यायालयात गेले की मुदतीचा अर्ज घेऊन उभं राहायचं. त्यातून शिकता येतं, भरपूर शिकता येतं, मी तसाच शिकलो. पण पोट भरत नाही. आणि मुलीची चोविशी ते सत्ताविशी म्हणजे घरात स्थळांची वर्षं. “परीक्षा देते” म्हटलं तर बाप वर्षभर थांबेल. “आधी तीन वर्षं फुकट काम करते, मग परीक्षा देते” म्हटलं तर थांबेल का?

ज्यांच्या घरी वकिली चालत आलेली आहे त्यांची सोय होते. ज्यांच्याकडं पैसा आहे ते पुण्यात खोली घेऊन क्लास लावतील आणि ओळखीच्या वकिलाकडून तीन वर्षांचा दाखला मिळवतील. निकालपत्रात दहा वर्षं जुन्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायाधीशांची सही सांगितली आहे. पण सही करणाऱ्यासमोर कागदच चोख असेल तर तो काय करणार? असं झालं तर अट कागदावर पाळली जाईल, फळ मात्र उलटं मिळेल. कोर्टात रोज राबलेला खेड्यातला मुलगा बाहेर आणि कोर्टाची पायरी न चढलेला आत.

यावर उपाय नाही असं नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेनं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती सिनिअरच्या खिशावर टाकलेली शिफारस आहे. महाडच्या सिनिअरच्या खिशात एवढे नसतात, हे मी खात्रीनं सांगतो. आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये नव्या वकिलांना सरकारी तिजोरीतून महिना 5,000 रुपये द्यायला सुरुवात केली, तामिळनाडूनं 2020 मध्ये 3,000 ची योजना आणली. रक्कम फार मोठी नाही. पण पोलादपूर ते महाड एस.टी. आणि दुपारचं जेवण तेवढ्यात भागतं.

म्हणून आपल्याकडं दोन गोष्टी मागतो. न्यायिक सेवेचे नियम बदलताना राज्य शासनाला तालुका न्यायालयांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या नव्या वकिलांसाठी विद्यावेतनाची शिफारस करा, आणि त्याचा पैसा सिनिअरच्या नव्हे, राज्याच्या अर्थसंकल्पातून येऊ द्या. दुसरं, दाखल्यावर सही होण्याआधी वकीलपत्रं आणि रोजनामे तपासा. कोण कोणत्या तारखेला कोर्टात उभा होता, हे आमच्या रोजनाम्यात लिहिलेलं असतं. तीन वर्षं खरंच राबलेल्या मुलीला त्याची भीती नाही. भीती ज्यांना वाटेल त्यांनाच ती वाटायला हवी.

भाषेचंही एक सांगतो. 1998 पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरी निकाल इंग्रजीत येतो आणि पक्षकार विचारतो, “साहेब, जिंकलो का हरलो?” मराठीत साक्ष नोंदवून मराठीतच निकाल लिहू शकणारा न्यायाधीश हवा असेल तर तो मराठीत वकिली केलेल्यांतूनच मिळणार. अखिल भारतीय न्यायिक सेवेची चर्चा दर काही वर्षांनी डोकं वर काढते. तिला विरोध करताना उच्च न्यायालयांकडं भाषेहून मोठं कारण असेल असं मला वाटत नाही.

वर चढण्याच्या वाटा अलीकडं बऱ्याच मोकळ्या झाल्या. मे 2025 च्या त्याच निकालानं मर्यादित विभागीय परीक्षेतून जिल्हा न्यायाधीश होण्याचा कोटा पुन्हा 25 टक्के केला. 9 ऑक्टोबर 2025 ला घटनापीठानं वकिली आणि न्यायाधीशपद मिळून सात वर्षं भरत असतील तर सेवेतल्यांनाही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसता येईल असं ठरवलं. छान झालं. पण हे सगळं आत शिरलेल्यांसाठी. आम्ही बोलतोय ते दाराबाहेर उभ्या असलेल्यांबद्दल.

पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी एवढा विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
महाड न्यायालयातील एक वकील