बी.एस्सी.ची मुलगी कोणाची?

बारावीचा निकाल लागला की आमच्या उत्तर नागपुरात, जरीपटक्यापासून टेक्यापर्यंत, गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. मेडिकलला, इंजिनिअरिंगला निघालेल्यांची नावे माइकवरून मोठ्याने घेतली जातात. बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीबद्दल मात्र हळूच विचारले जाते, 'हिचा कुठेच नंबर लागला नाही का?'

सरकारी नियमावलीही याच चष्म्यातून पाहते. अल्पसंख्याकांसाठी केंद्राची 'मेरिट-कम-मीन्स' शिष्यवृत्ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना वर्षाला २० हजार रुपयांपर्यंत शुल्क देत असे. साधी बी.एस्सी. त्यात बसत नव्हती. तिच्यासाठी होती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिचे नियमातले दर असे : शुल्कापोटी वर्षाला जास्तीत जास्त ३ हजार आणि घरून ये-जा करणाऱ्याला महिन्याला ३०० रुपये. 'इन्स्पायर' योजनेत मूलभूत विज्ञानासाठी वर्षाला ८० हजार मिळतात, पण त्यासाठी प्रामुख्याने बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात यावे लागते. ६५-७० टक्के मिळवून, घरी धाकट्यांना सांभाळून शिकणाऱ्या मुलीला तिथे जागा नाही.

वरची पायरीही निसटली. २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप पीएच.डी. करणाऱ्यांचा आधार होती. २०२२-२३ पासून ती बंद केल्याचे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. कारण दिले, इतर योजनांशी ती 'ओव्हरलॅप' होते.

शिष्यवृत्त्यांत घोटाळे झाले, हेही खरे. २०२३ मध्ये मंत्रालयाच्या तपासणीत १,५७२ पैकी ८३० संस्था बोगस वा बंद निघाल्या. चोर पकडलेच पाहिजेत. पण चोरीची शिक्षा खऱ्या विद्यार्थ्याला कशासाठी?

सरकारकडे मागणी करत राहूच. पण आपल्या हातातले काय? जरीपटक्याला लागून इंदोऱ्याची बौद्ध वस्ती आहे. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले, ही गोष्ट तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. शिक्षणाला लावलेला पैसा वाया जात नाही, हा धडा त्या वस्तीने गिरवला. आपण तो शेजारून नुसता पाहिला.

आपल्याकडे जकात आहे. ती बहुतेक रमजानमध्ये निघते आणि तेव्हाच वाटून संपते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, कॉलेजची फी भरायची असते जून-जुलैमध्ये. तोवर पेटी रिकामी. मोहल्ला कमिट्यांनी यातला एक वाटा गरजू विज्ञान विद्यार्थ्यांसाठी आधीच ठरवावा आणि प्रवेशाच्या वेळी त्यांच्या हाती द्यावा. एकदाच नव्हे, तिन्ही वर्षे.

दुसरे काम कागदाचे. मोमीन, बागवान अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत, आणि ओबीसींच्या संशोधनाला मदत करणारी 'महाज्योती' नागपुरातच आहे. पण दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतली नोंद शोधायला पदवीनंतर नव्हे, दहावीतच निघायला हवे.

आपल्या मोहल्ल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअरही आहेत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी शोधून पाहा. ती सापडत नसेल, तर तिची वाट आपण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच अडवली आहे. पुढच्या सत्कारात एक शाल कमी घ्या आणि त्या पैशात एका मुलीचा बसचा पास काढून द्या.