समेवरचा गोल

तुमच्या घरी भांडण कशावरून होतं? टीव्हीच्या रिमोटवरून? आमच्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये ते झोपेवरून होतं.

माझा दादा युरोपातल्या फुटबॉलचा वेडा. चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होते आणि संपेपर्यंत अडीच-साडेतीन वाजतात. सकाळी सहाला माझी दहा वर्षांची पुतणी मोबाइलवर तानपुरा लावून सा धरते. उशीखालून दादा ओरडतो, "अगं, हळू!" ती म्हणते, "रात्री तू 'गोल' म्हणून ओरडलास, तेव्हा मी काही बोलले का?"

इथपर्यंत सगळं गमतीतच चाललं होतं. मग तिचं फुटबॉल कोचिंग आणि गाण्याचा क्लास शनिवारी एकाच वेळी आले. तिला दोन्ही हवं होतं. दादा म्हणाला, "गाणं सोड. इतकं संथ गाणं आजकाल ऐकतं कोण?"

ती काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता घर शांत होतं. तिसऱ्या दिवशीही. दादाला हवी तेवढी झोप मिळत होती, तरी तो सहालाच जागा व्हायचा. शेवटी वहिनी म्हणाली, "सोडायला सांगण्याआधी एकदा क्लासला जाऊन बस तरी."

तो गेला. विलंबित एकताल चालू होता. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. दादाने फोन काढला. पुतणी कानात म्हणाली, "बाबा, समेची वाट बघ." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कितीही भटकला तरी तिथे परत येतो. दोन आवर्तनं दादाची चुकली. तिसऱ्या वेळी सम आली आणि त्याची मान आपोआप हलली.

परतताना तो म्हणाला, "हे तर मागून पास देत देत बॉल पुढे आणण्यासारखं आहे!" ती म्हणाली, "मग? एका गोलसाठी तू दीड तास थांबतोसच की."

खरं तर फुटबॉल आणि शास्त्रीय संगीत एकमेकांना परके नाहीत. मॅचआधी वाजणारं चॅम्पियन्स लीगचं गाणं टोनी ब्रिटन यांनी 1992 मध्ये केलं, ते हँडेलच्या एका रचनेवरून. हँडेलने ती 1727 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकासाठी लिहिली होती. म्हणजे दादा इतकी वर्षं नकळत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच ऐकत होता! आणि आपले पंडित भीमसेन जोशी? ते मूळचे याच कर्नाटकातल्या गदगजवळच्या रोणचे. गाण्यासाठी लहानपणी घर सोडून पळाले, पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले. तरुणपणी तेही फुटबॉल खेळायचे. त्यांनी एकच निवडावं, असं नंतर आयुष्याने ठरवलं असेल. दहाव्या वर्षी ते आपण का ठरवायचं?

वेळेचं कोडं तर अगदीच सोपं निघालं. गाण्याच्या बाईंनी तिला रविवारी बोलावलं. हे आधी विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं! आता मॅचच्या रात्री दादा हेडफोन लावतो आणि दुसऱ्या दिवशी रियाज सातला होतो. गोल झाला की तो तोंडावर उशी दाबून ओरडतो, ही तक्रार मात्र वहिनीची.

तुमच्याही घरात कुणाचं तरी वेड तुम्हाला कंटाळवाणं वाटत असेल. या रविवारी त्या माणसाला एवढंच विचारा, "तुला यात काय आवडतं, मला दाखव ना." मग फोन बाजूला ठेवून शेजारी बसा. पहिल्या आवर्तनात काही कळणार नाही, दुसऱ्यातही कदाचित नाही. उठू नका. सम येतेच.