दर ठरतो, काम ठरत नाही

घराचं काम काढलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. किती घेणार? आणि कमी किती करणार? यावर तासभर चहा पिऊन चर्चा होते, शेवटी पाचशे रुपये तुटतात, दोन्ही बाजू खूष. नेमकं करणार काय, हे कुणी विचारत नाही. "त्याला कळतंय की सगळं, वीस वर्षं तेच करतोय." मग जूनमध्ये माजघरात बादली ठेवायची वेळ आली की तोच वीस वर्षांचा अनुभवी माणूस एका रात्रीत चोर ठरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. यातल्या बहुतेक भांडणांत मिस्त्री चोर नसतो. काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे मालकानं ठरवायचं असतं, आणि ते त्यानं केलेलं नसतं.

विषय निघाला सवण्यावरून. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत छताला जे चौकोनी भोक ठेवलेलं असतं ते सवणं. कुणी साणंही म्हणतं. भिंती हातभर जाड, खिडक्या नावाला, त्यामुळे उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला तेवढीच वाट. पाऊस आला की कुणीतरी पळत वर जाऊन झाकण टाकायचं. पुढे त्यावर काच आली, मग फायबरचा पत्रा, आणि तो उन्हानं पिवळा पडून तडकला की आता पॉलिकार्बोनेट. अंबाजोगाईत आमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत अशी चार कामं झाली. त्यातल्या तीन घरांत भांडण, आणि तिन्हीकडे एकच. पाणी येतंय.

येतं कुठून? पत्र्यातून नाही. वेल्डरनं अँगलची चौकट करून वर पत्रा बसवला, काम चोख. गवंड्यानं भोवती वीतभर उंच कठडा बांधून गिलावा केला, तोही चोख. पाणी येतं चौकट आणि कठडा यांच्या मधल्या फटीतून. ती फट कुणाची? वेल्डर म्हणतो, लोखंड माझं, सिमेंट माझं नाही. गवंडी म्हणतो, मी गेलो तेव्हा चौकट बसलीच नव्हती. दोघंही खरं बोलतात! सॉफ्टवेअरवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. दोन टीमची मॉड्यूल्स वेगवेगळी तपासली की सगळं हिरवंगार, जोडली की बोंब.

आणि इथेच माझा आपल्याच जमातीवर राग आहे. ऑफिसात क्लायंटनं बटणाचा रंग बदलायला सांगितला तरी आपण चेंज रिक्वेस्ट काढतो, एस्टिमेट देतो, सही घेतो, मग हात लावतो. "हे स्कोपमध्ये नव्हतं" हे वाक्य आपल्याला झोपेतही म्हणता येतं. तोच माणूस शनिवारी गावी येतो आणि वर चढलेल्या गवंड्याला खालून ओरडून सांगतो, "मामा, आलाच आहात तर तेवढी टाकीची गळतीपण बघा." मामांनी त्याचे पैसे मागितले की संध्याकाळी कट्ट्यावर प्रवचन, या लोकांना प्रोफेशनॅलिझम म्हणून नाही!

वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळा. कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला, पूर्वी कुठं कागद होते? नव्हते, कबूल. पण पूर्वी सुतार-लोहाराला कामागणिक पैसेही मिळत नव्हते. वर्षाचं बलुतं धान्यात ठरलेलं असायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (१९१५) ही व्यवस्था तपशिलात वाचायला मिळते. वर्षभराच्या बांधिलकीत औताची दुरुस्ती एकदा झाली काय नि चारदा झाली काय, दर वेळी नवा हिशेब नसायचा. (ती व्यवस्था न्याय्य होती असं मी मुळीच म्हणत नाही. काम किती करायचं हे कोण ठरवायचं आणि कुणाला नाही म्हणता यायचं नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.) बलुतं गेलं, पैसे कामागणिक झाले, पण बोलण्याची रीत मात्र आपण बलुत्याच्या काळातलीच ठेवली, कारण ती आपल्या सोयीची आहे. शिवाय तोंडी व्यवहाराची थोरवी बीड जिल्ह्यात तरी कुणी सांगू नये. उचल घेऊन दरवर्षी कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला विचारा, हिशेबाची वही एकाच्याच हातात असली की काय होतं ते.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय करार कायदा, १८७२, तोंडी करारालाही करार मानतो. पण ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार कलम २९ प्रमाणे रद्दबातल. आणि कलम ७० म्हणतं की फुकट करायच्या हेतूनं न केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतलात, तर मोबदला द्यावा लागेल. म्हणजे ती "तेवढी टाकी" फुकट नाहीच. अर्थात दोन हजारांसाठी कोर्टात कोण जातंय, असो.

"त्याला कळतंय सगळं" हेही पूर्ण खरं नाही. फायबरच्या पत्र्यात मुरलेल्या हाताला पॉलिकार्बोनेट नवीन असू शकतं. हा माल उन्हात लोखंडाच्या पाचपट फुगतो. आपल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत पत्र्याच्या स्वतःच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात दोन मीटरचा पत्रा साडेसहा मिलीमीटर लांबतो, खालचा अँगल जेमतेम सव्वा. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच पाडलं की पत्रा भोकापाशीच तडकणार. ऊन सोसणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो, ती बाजू वर यायला हवी. ती कोणती हे वरच्या प्लॅस्टिकवर छापलेलं असतं, आणि आपण कौतुकानं ते प्लॅस्टिक आधीच सोलून ठेवतो. :) पोकळ थरांचा पत्रा असेल तर कडा टेपनं बंद करायच्या, नाहीतर आत धूळ आणि शेवाळ. हे सांगायचं कुणी? माल आणला त्यानं. म्हणजे माल कोण आणणार हेही आधी ठरायला हवं.

त्यावर ठरलेलं उत्तर, "बीडला पाऊस पडतोच कुठं?" सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेचा पूर बघितलेल्यांनी तरी हे बोलू नये. दुष्काळी भागात पाऊस कमी दिवस पडतो, पण पडतो तेव्हा असा पडतो की फट आपोआप सापडते.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र पाणी नाहीच. जुना फायबरचा किंवा सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाला टिकत नाही. दिसायला धडधाकट, पाय दिला की खाली. जुना पत्रा काढणार कोण, फळी कुणी आणायची, उभं कुठं राहायचं, हे "बघू की वर गेल्यावर" यावर सोडलं तर पडणारा माणूस आपण नसतो, चारशे-पाचशेच्या हजेरीवर आलेला पोऱ्या असतो. दोन-चार माणसांचं घरगुती काम, ना ठेकेदाराची नोंद, ना विमा. पाचशे रुपयांची घासाघीस करताना ही फळी कुणाच्याच हिशेबात नसते.

आमच्या घरी सवण्याचं काम निघालं तेव्हा मी एक पान लिहिलं. हजेरीवर नाही, गुत्त्यावर. चौकटीचं बाहेरचं माप कठडा झाल्यावर वेल्डरनं स्वतः घ्यायचं. चौकट बसल्यावर सांधा गवंड्यानं भरायचा आणि त्यासाठी त्यानं दुसऱ्यांदा यायचं, त्या येण्याचे पैसे वेगळे. राडारोडा खाली उतरवणं धरून. रंगाचे दोन हात, आधी प्रायमर. टाकी यात नाही.

मिस्त्रींनी ते वाचून वडिलांकडे बघितलं. "गुरुजी, कागद कामून करायलाव? इस्वास नाही का आमच्यावर?" वडील आयुष्यभर शाळेत. ते म्हणाले, "विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडं आलो. पण हा पोरगा सोमवारी पुण्याला जाईल, मला उद्या आठवणार नाही काय ठरलं ते." यावर मिस्त्री हसले, खिशातलं पेन काढलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात तीन ओळी वाढवल्या. पाणी आणि लाईट घरमालकाची. वाळू वर चढवायची मजुरी वेगळी. आणि दसऱ्यानंतर काम नको, कारण त्यांची दोन माणसं तोडीला जाणार.

तिसरी ओळ मला कधीच सुचली नसती. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा वर चढून सांधा बघायचा, त्याचे तीनशे रुपये, हे मग आम्ही दोघांनी मिळून शेवटी लिहिलं.