विश्वासाला पहारा हवा

पनवेलजवळच्या कळंबोलीत ‘कल्याणी महिला बाल सेवा संस्था’ या नावाने एक आश्रयगृह चालत असे. नावात कल्याण होते, बाल होते आणि सेवाही होती. निराधार व बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलामुलींना तेथे आसरा मिळतो, अशी समाजाची समजूत होती. २०११ साली त्या भिंतींआडचे वास्तव उघडकीस आले आणि कुंपणच शेत खात असल्याचे पाहून महाराष्ट्र सुन्न झाला. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकाला फाशीची शिक्षा सुनावली. दोषी ठरलेल्या त्याच्या साथीदारांत स्त्रियाही होत्या. पुढे उच्च न्यायालयात फाशी टिकली नाही. बलात्काराचा दोष मात्र कायम राहिला.

हे उघडकीस आले कसे, याचा विचार शिक्षेपेक्षाही अधिक करायला हवा. शहापूर तालुक्यातील कवडास येथे मतिमंद मुलांच्या वसतिगृहात झालेल्या मृत्यूंच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्यातून नेमलेल्या समितीने राज्यातील अशा गृहांची पाहणी सुरू केली. ती कळंबोलीत पोहोचली, तेव्हा या मुलींची व्यथा प्रथमच कोणीतरी समजून घेतली. वाणीने बोलू न शकणाऱ्या मुलीही त्यांत होत्या. मुली सांगू शकत होत्या. ऐकणारा माणूस तोवर दारात आला नव्हता.

हा प्रश्न एका संस्थेपुरता नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ‘अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नकोस’ एवढे शिकवून आपण निर्धास्त होतो. धोका मात्र पुष्कळदा ‘काकांना नमस्कार कर’ असे आपणच सांगितलेल्या माणसाकडून येतो.

आपल्या घरांत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अशा वेळी हमखास आठवते. मुलीचे पुढे कसे होईल, घराण्याची अब्रू काय राहील, नातेवाईक काय म्हणतील, या प्रश्नांच्या ओझ्याखाली मूल एकटे पडते आणि गुन्हेगाराला दुसरे सावज मोकळे मिळते. अब्रू गेली असेल तर ती अत्याचार करणाऱ्याची गेली, हे बालकाला सर्वप्रथम घरातूनच ऐकू आले पाहिजे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या ‘पॉक्सो’ कायद्याने तर मौनाला जागाच ठेवलेली नाही. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळताच पोलिसांना कळवणे हे प्रत्येक प्रौढाचे कायदेशीर कर्तव्य आहे. माहिती दडपणाऱ्याला, विशेषतः संस्थाप्रमुखाला, शिक्षेची तरतूद आहे. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने नोंदवावा, त्याची ओळख प्रसिद्ध होऊ नये, असेही हा कायदा सांगतो. पोलिस ठाण्याच्या धास्तीने गप्प बसणाऱ्या पालकांना हे माहीत असायला हवे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक प्रत्येक घरात मुलांना पाठ असावा.

घरात करण्याजोगे पुष्कळ आहे. शरीराच्या अवयवांची नावे लाज न बाळगता सांगावीत. नको असलेल्या स्पर्शाला, मग तो कितीही मोठ्या माणसाचा असो, नकार देण्याची मुभा मुलाला द्यावी. मूल एखाद्या व्यक्तीकडे किंवा शिकवणीला जायला एकाएकी टाळू लागले, तर रागावण्याआधी कारण विचारावे. त्याने काही सांगितलेच, तर शांतपणे ऐकावे, विश्वास ठेवावा, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न ओठांवर येऊ देऊ नये, आणि पुन्हापुन्हा उलटतपासणी करू नये.

आता आपल्या स्वतःच्या अंगणाबद्दल. आपल्यापैकी अनेकजण वसतिगृहे, संस्कारवर्ग, शिबिरे आणि शाळा चालवतात. परस्परविश्वासावर उभे असलेले हे काम आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. परंतु ‘आपला माणूस आहे’ हे कोणाचेही चारित्र्यप्रमाणपत्र होऊ शकत नाही. नेमणुकीपूर्वी चौकशी, एकट्या मुलासोबत बंद खोलीत कोणी प्रौढ नसावा असा दंडक, बाहेरच्या जाणकारांकडून अचानक पाहणी, आणि मुलांना निर्भयपणे बोलता येईल अशी संस्थेबाहेरची एखादी ताई, एवढी व्यवस्था प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी. प्रामाणिक कार्यकर्त्याला अशा तपासणीचा अपमान वाटण्याचे कारण नाही. त्याच्या कामाला ती बळच देईल. आणि कधी तक्रार आलीच, तर संस्थेचे नाव की बालक, असा पेच पडूच नये. बालकाला सोडून वाचवलेले नाव कोणत्या सेवेच्या कामाचे?

कळंबोलीच्या त्या मुलींपर्यंत समाज वेळेवर पोहोचला नाही. उद्याच्या मुलासाठी न्यायालयाच्या समितीची वाट पाहायची की आपणच दार ठोठवायचे, हे आता आपल्याला ठरवायचे आहे.